टोपीवरचे टाके

कानोतला तो माझा पहिला हिवाळा. नोव्हेंबर सरता सरता सहारावरून हरमॅटन नावाचा कोरडा वारा सुटतो आणि पुढचे दोन-तीन महिने सगळा उत्तर नायजेरिया पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखा दिसतो. अशाच एका सकाळी आम्ही झारियाच्या रस्त्यानं निघालो होतो. ड्रायव्हरनं एकाएकी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसला. मला पुढं काहीच दिसत नव्हतं. मग त्या मातकट धुरळ्यात माणसाच्या उंचीवर एक टोकदार शंकू हलताना दिसला. त्याच्यामागं शिंगं. वर जाऊन बाहेरच्या अंगाला वळलेली लांबलचक शिंगं, एकामागून एक. पन्नास-साठ पांढऱ्या गाई रस्ता ओलांडत होत्या आणि त्यांच्यापुढं तो चालला होता. मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी टाकलेली काठी, काठीवरून लोंबते सोडलेले हात, आणि डोक्यावर वाळल्या गवताच्या रंगाची रुंद टोपी. तिच्यावर चामड्याचे तांबडे-काळे तुकडे शिवलेले. कळपाच्या शेवटी बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा. त्याचीही तशीच टोपी, डोक्याला मोठी होणारी, हनुवटीखाली वादीनं घट्ट बांधलेली.

दोघांनीही गाडीकडं मान वळवली नाही. ड्रायव्हरनंही हॉर्नला हात लावला नाही. शेवटची गाय पलीकडं उतरली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "फुलानी."

मी कातड्याचा माणूस. चर्मतंत्र शिकलो, कानोतल्या एका टॅनरीत तीन वर्षं काम केलं, आणि त्याच्याही आधी मी कोल्हापूरच्या ढोर वस्तीतल्या घरात जन्मलो. आमच्या कक्कय्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा कातडं कमावण्याचा. त्यामुळं इतर कुणाला त्या सकाळी गाई दिसल्या असत्या, धुळीचं चित्र दिसलं असतं. मला त्या टोपीवरचं कातडं दिसलं. एवढ्या उन्हावाऱ्यात न तडकलेलं, बोकडाचं, हातानं कमावलेलं. तेव्हापासून ती टोपी माझ्या मनातून गेली नाही.

फुलानी हे नाव त्यांना हौसा लोकांनी दिलेलं. ते स्वतःला फुल्बे म्हणतात. एकटा माणूस असेल तर पुल्लो. फ्रेंचांनी राज्य केलेल्या देशांत त्यांनाच पल म्हणतात. सेनेगल-गिनीपासून माली, बुर्किना फासो, नायजर, नायजेरिया, कॅमेरून, चाड करत थेट सुदानपर्यंत हे लोक पसरलेत. सहारा संपून हिरवळ सुरू होते, त्या पट्ट्याला साहेल म्हणतात. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाईंच्या मागं चालत गेलेला हा समाज. त्यांची भाषा पश्चिमेकडं पुलार आणि पूर्वेकडं फुलफुल्दे. कोट्यवधी लोक ती बोलतात, पण फुल्ब्यांचा म्हणून एकच एक देश नकाशावर नाही. आज बहुतेक फुल्बे गावांत-शहरांत राहतात, शेती करतात, दुकानं चालवतात, शिकवतात. तरी आपण कोण, हे सांगायची वेळ आली की ते गाईचंच नाव घेतात. पहिली गाय पाण्यातून वर आली, अशा कथा त्यांच्यात आहेत.

त्या टोपीला सेनेगल-मालीकडं तेंगादे म्हणतात. कानोत हौसा शब्द चालतो, मालफा. पुढं मी एक विकत घेतली, ती आता कोल्हापुरात माझ्या खोलीत खुंटीला आहे, आणि हे लिहिताना मी ती खाली काढून मांडीवर घेतली आहे. आरपार रुंदी हाताच्या वितीनं दोन विती भरते. ताडाच्या कोवळ्या पात्यांच्या पट्ट्या काढून त्यांची घट्ट वीण आहे. आतून बोट फिरवलं तर वीण खरखरीत लागते, बाहेरून मात्र बराचसा भाग चामड्यानं झाकलेला. शेंड्याला चामड्याचं टोपण आणि त्यावर बोंडासारखी गाठ. टोपणातून खाली त्रिकोणी पट्टे उतरतात, सूर्याची किरणं काढावीत तसे. कडेला पुन्हा चामड्याची गोट. पट्टे चामड्याच्याच बारीक दोऱ्यानं शिवलेत आणि प्रत्येक टाका विणीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून नेमका गेलाय. आतून लोंबणाऱ्या वादीला सरकती गाठ आहे. वारा आला की ती हनुवटीखाली आवळायची, सावलीत बसलं की टोपी पाठीवर टाकून वादी गळ्यात राहू द्यायची.

हे सगळं कामाचं आहे. साहेलात झाड दिसेल तेव्हा दिसेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि गुराख्याला दुपार टाळता येत नाही, कारण गाईंना पाण्यापर्यंत नेणं टळत नाही. रुंद काठाची सावली खांद्यापर्यंत पडते. शंकूच्या पोकळीत डोक्याच्या वर हवा खेळती राहते. पावसाची सर आली तर पाणी चामड्यावरून बाहेर ओघळतं. टोपीखाली पुष्कळदा कापड गुंडाळलेलं असतं, घाम टिपायला आणि धूळ आली तर तोंडावर ओढून घ्यायला. आमच्याकडं रोपलावणीला इरलं घेतात, वाकलेल्या माणसाचं अंग झाकणारं. मालफा उभ्यानं चालणाऱ्या माणसासाठी आहे. तिचा आकार बघितला की मला नेहमी झोपडीचं छप्पर आठवतं. फिरत्या फुल्ब्यांची घरं गवताची, झटपट उभी करायची आणि निघताना मागं सोडून द्यायची. बरोबर येतं ते एवढंच छप्पर.

पण नुसत्या उन्हापावसासाठी कुणी इतके टाके घालत नाही.

फुल्बे ज्याला पुलाकू म्हणतात, म्हणजे फुल्बेपणा, त्याचे काही शब्द मला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं शिकवले. मुन्याल म्हणजे सोसणं, धीर धरणं. हक्किलो म्हणजे जपून वागणं, पुढचं बघून पाऊल टाकणं. आणि सेम्तेंदे. या शब्दावर आम्ही दोघं बराच वेळ अडलो. लाज म्हटलं तर तोकडं पडतं. भीड, अदब, मर्यादा, आणि चारचौघांत आपली गरज उघडी न करण्याची शिस्त, एवढं सगळं त्यात आहे. भूक लागली असं पुल्लो परक्यासमोर म्हणणार नाही. दुखलं तर कण्हणार नाही. जुन्या रीतीचे आईबाप आपल्या पहिल्या मुलाला त्याच्या नावानं हाक मारत नाहीत, जीव तिथं अडकलाय हे दिसू नये म्हणून. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या माझ्या आज्जीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

हे ऐकल्यावर मला झारियाच्या रस्त्यावरचा तो माणूस पुन्हा दिसला. टोपीचा काठ भुवयांच्या खाली उतरलेला होता. त्याला समोरचं दिसत होतं, त्याचे डोळे मात्र आम्हाला दिसले नव्हते. नंतर मी बाजारात, पाणवठ्यावर, गुरांच्या आठवडी बाजारात असे पुष्कळ जण पाहिले. मोठ्या माणसाशी बोलताना पुल्लो नजर खाली ठेवतो, "जाम ना?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारतो, "जाम" म्हणतो, पुन्हा विचारतो, घरच्यांबद्दल, गाईंबद्दल, आणि हे सगळं होताना तो काठ हळूहळू वरखाली होत असतो. काही दिवसांनी मला त्या हालचालीवरून बोलणं कुठवर आलंय ते कळायला लागलं.

माझा हा सहकारीही फुलानीच होता, पण त्याच्या डोक्यावर मालफा मी कधी पाहिली नाही. तो भरतकामाची गोल, उभट टोपी घालायचा, हौसात तिला हुला म्हणतात. कानोत लोक सरळ दोन भाग सांगतात: फुलानिन गिदा, म्हणजे घरातले, शहरातले, आणि फुलानिन दाजी, म्हणजे रानातले. हा घरातला. त्याच्या घरी पिढ्यांपूर्वी फुलफुल्दे सुटली, आता सगळे हौसा बोलतात. मला शिकवलेले ते तीन शब्दसुद्धा त्यानं आपल्या चुलत्याला फोन करून पक्के करून घेतले होते.

शहरातल्या फुल्ब्यांचं डोकं वेगळ्याच गोष्टीनं ओळखू येतं, फेट्यानं. १८०४ साली उस्मान दान फोदियो या फुलानी विद्वानानं गोबिरच्या हौसा राजाविरुद्ध जिहाद पुकारला. त्यातून सोकोतोची खिलाफत उभी राहिली. ठिकठिकाणच्या हौसा गाद्यांवर फुलानी घराणी आली, कानोची गादीही त्यांतलीच. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी कानो आणि सोकोतो जिंकलं, तरी अमीर, म्हणजे या गाद्यांवरचे राजे, राहिले, आणि आजही आहेत. अमीरानं कुणाला मानाचं पद दिलं की त्याच्या डोक्याला रावानी गुंडाळतात. कित्येक हात लांब कापड, डोक्याभोवती फिरून हनुवटीखालून, कधी अर्ध्या चेहऱ्यावरून. पद देण्याच्या विधीचं हौसा नावच मुळी गुंडाळण्यावरून पडलंय. ज्यांच्या फेट्याला वर दोन टोकं, दोन कान काढलेले असतात, ते राजघराण्यातले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी अमीराची मिरवणूक पाहिली. शेकडो घोडेस्वार, झुली, भाले, आणि फेटेच फेटे. इंग्रजांच्या काळापासून तिला दरबार म्हणतात. हा शब्द त्यांनी हिंदुस्थानातून उचलून तिकडं नेला. कानोच्या रस्त्यावर हौसा माणसाच्या तोंडून 'दरबार' ऐकताना काय वाटलं ते सांगता येत नाही. २०२४ मध्ये युनेस्कोनं कानोच्या दरबाराला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

त्याच गर्दीत कडेला, भिंतीच्या सावलीत, मालफा घातलेले चार-पाच जण उभे होते. घोड्यावर बसलेलेही फुलानी आणि बघायला आलेले हेही फुलानी. मधल्या दोनशे वर्षांत एकानं घर बांधलं आणि दुसरा चालत राहिला. माझा सहकारी त्यांच्याकडं बघत म्हणाला, "आम्हाला कुणी खरा फुलानी दाखव म्हटलं, तर आम्ही त्यांच्याकडंच बोट करतो."

बायकांबद्दल लिहायला हवं, आणि सावकाश लिहायला हवं, कारण फुल्ब्यांमध्ये डोक्यावरचं खरं धन त्यांच्याकडं असतं.

टॅनरीच्या फाटकाशी रोज दहाच्या सुमाराला दूधवाल्या यायच्या. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर भला मोठा दुधी भोपळ्याचा कोरलेला कटोरा, त्यावर गवताचं विणलेलं रंगीत झाकण. आत नोनो, म्हणजे विरजलेलं दूध, आणि दुसऱ्या भांड्यात फुरा, बाजरीचे शिजवून कांडलेले गोळे. ते दुधात कुस्करायचे आणि भोपळ्याच्याच पळीनं खायचे. दुपारच्या उन्हात त्यासारखं दुसरं काही नाही. त्यांतली एक म्हातारी कटोरा उतरवताना मान तसूभरही हलवायची नाही. गुडघ्यांत खाली बसायची, दोन्ही हात वर न्यायची, आणि कटोरा जमिनीवर आल्यावर मग मान वळवायची. तिच्या केसांत कपाळावर आलेल्या दोन वेण्यांच्या टोकांना नाणी बांधलेली होती. जवळून पाहिली, तर झिजलेली, चांदीची, आता कुठंच चालत नसलेली.

गाई बहुतेक पुरुषांच्या, पण दूध विकून आलेला पैसा बाईचा, ही फुल्ब्यांची जुनी रीत. तो पैसा ठेवायचा कुठं? घर उद्या उठणार. पेटी उचलायला जड. मग तो केसांत गुंफायचा, कानांत घालायचा. पश्चिम आफ्रिकेत फुल्बे बायकांच्या वेण्यांत ऑस्ट्रियाची मारिया थेरेझा राणी कोरलेली चांदीची नाणी सापडतात, फ्रेंच फ्रँक सापडतात. अंबराचे मोठमोठे पिवळे मणी सापडतात. अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून दगड झालेली. त्यातला काही थेट युरोपच्या बाल्टिक किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांच्या हातोहात आलेला, आणि पुढं त्याची नक्कल केलेले कारखान्यातले मणीही आले. गिनीच्या फुता जालोन डोंगरात बायका केसांचा तुरा उभा करायच्या, आतून बांबूच्या कामट्यांचा आधार देऊन. त्या रचनेला जुबादे म्हणतात. ती घालायला तासन्‌तास लागायचे, म्हणून ती सणासमारंभाची.

आणि मालीतली सोन्याची कर्णफुलं. मोप्ती आणि जेन्ने या नायजर नदीच्या खोऱ्यातल्या गावांतल्या फुल्बे बायकांची ही खूण. सोन्याचा गज ठोकून ठोकून चार पाकळ्या पातळ काढतात आणि मग सगळं मिळून पिळतात, पिळलेल्या चंद्रकोरीसारखं. कानात जाणाऱ्या भागाला लाल दोरा गुंडाळलेला असतो. काही इतकी मोठी असतात की कानाला पेलत नाहीत, मग डोक्यावरून दोरी घेऊन तिला टांगतात. आईकडून लेकीकडं जातात. नवरा देतो, किंवा बाई गाय विकून करून घेते. मी एक जोडी संग्रहालयात काचेमागं पाहिली. लाल दोऱ्यावर घामाचा काळपट डाग होता, आणि सोन्यापेक्षा मी त्या डागाकडंच बघत राहिलो.

वोदाब्यांच्या गेरेवोलबद्दल सगळीकडं फोटो असतात, त्यामुळं मी थोडक्यात सांगतो. नायजरमधला फुल्ब्यांचा हा फिरता गट पावसाळा संपताना एकत्र येतो. पुरुष तोंडाला गेरू लावतात, नाकावरून पांढरी रेघ ओढतात, पांढऱ्या फेट्यात शहामृगाचं पीस खोवतात आणि ओळीनं उभे राहून नाचतात. देखणा कोण, हे ठरवणाऱ्या बाया असतात. जगाला हा दिवस पाठ आहे. उरलेल्या वर्षात याच माणसांच्या डोक्यावर तेंगादे असते, आणि विहिरीतून पाणी ओढताना तिचे फोटो कुणी काढत नाही.

मालीत नायजर नदीच्या आतल्या खोऱ्यात दरवर्षी पूर ओसरला की गाई नदी पोहून पलीकडच्या कुरणांत जातात. दियाफाराबे इथलं ते नदी ओलांडणं फार प्रसिद्ध. १८१८ मध्ये सेकू अमादूनं मासिनाचं फुलानी राज्य उभारलं, तेव्हा कुणाचा कळप कधी, कुठल्या वाटेनं, कुठल्या कुरणात जाईल याचे नियम बांधून दिले. महिनोन्‌महिने रानात राहिलेले तरुण त्या दिवशी घरी येतात, नवे कपडे आणि नवी टोपी घालून. काठावर गाव जमलेलं असतं. कुणाच्या गाई सर्वांत धष्टपुष्ट, याची वाखाणणी होते, पोरी गाणी म्हणतात. हे मला कधी पाहता आलं नाही, आणि याची रुखरुख अजून आहे.

त्याच खोऱ्याच्या पूर्वेला, ओगोसागू नावाच्या फुलानी गावात, २३ मार्च २०१९ च्या पहाटे दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. बायका, म्हातारी, लेकरं. साहेलात हत्यारबंद गटांचं युद्ध सुरू आहे, कुरणं आटत चाललीत, शेतं वाटांवर येतायत, नायजेरियात शेतकरी आणि गुराखी एकमेकांच्या जिवावर उठलेत, आणि दोन्हीकडची माणसं मरतायत. काही फुलानी तरुण त्या गटांत गेले, म्हणून सगळ्याच फुलान्यांकडं संशयानं पाहिलं जातं. माझ्या सहकाऱ्याचा एक रानातला नातेवाईक बसनं कानोला यायचा. तो स्टँडवर उतरला की त्याची टोपी पिशवीत असायची. चपटी करून बसत नाही ती पिशवीत, शेंडा वर राहतो. "घालत का नाहीस?" मी एकदा विचारलं. त्यानं नजर खाली केली आणि माझ्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली. मी पुन्हा विचारलं नाही.

टोपी मी कुर्मीच्या बाजारात घेतली. जुन्या कानोतला हा बाजार कित्येक शतकांचा. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानात शिरायचं. चामड्याच्या गल्लीत एक म्हातारा कारागीर चटईवर बसून मालफाला पट्टे लावत होता. हौसा माणूस. तोंडानं दोरा ओला करायचा, आरीनं भोक पाडायचा, दोरा ओवून दातांनी ओढायचा. किंमत विचारली, तर मान वर न करता सांगितली. मी चामडं अंगठ्यानं दाबून पाहिलं, दुमडलं, पाठीमागची बाजू नखानं खरवडली. तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"कशात कमावलंय?" मी माझ्या मोडक्या हौसात विचारलं.

"बगारुवा."

बगारुवा हा शब्द मी टॅनरीत ऐकलेला होता, पण आमच्याकडं क्रोमचं काम चालायचं, पिंपात फिरवून एका दिवसात कातडं निळं होऊन बाहेर. बगारुवा म्हणजे जुन्या लोकांचं काहीतरी, एवढंच माहीत. त्यानं बाजूचं पोतं ओढलं आणि मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं. राखाडी, मखमली लव असलेल्या चपट्या शेंगा, दर बीजागणिक आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या.

बाभळीच्या शेंगा होत्या त्या. आमच्या बाभळीच्या. लहानपणी शेळ्यांपुढं टाकायचो, त्याच. वाळल्या की पायाला बांधून पैंजण म्हणून वाजवायचो, त्याच.

माझा आज्जा बाभळीची साल वापरायचा. चुन्यातून काढलेलं म्हशीचं कातडं धुऊन, त्याची पिशवी शिवून, तिपाईला टांगायचा आणि आत सालीचं तांबडं पाणी भरायचा. ते कातड्यातून झिरपून खाली घागरीत पडायचं, घागर भरली की पुन्हा वर ओतायचं. सबंध वस्तीत तो ठिबकण्याचा आवाज असायचा. मी म्हाताऱ्याला हे हातवारे करून सांगितलं. तिकडं शेंग, इकडं साल. त्यानं काम थांबवलं. "किती दिवस?" त्यानं विचारलं. महिनाभर, मी म्हणालो, म्हशीचं असतं, जाड. त्यानं जिभेनं टॉक केलं आणि हातातलं बोकडाचं चामडं उन्हाकडं धरून दाखवलं. याला इतके दिवस लागत नाहीत. तांबडा रंग ज्वारीच्या एका जातीच्या ताटांवरच्या पातीतून काढतात, हेही त्यानं सांगितलं. मग चटईवर सरकून जागा केली. मी तासभर तिथं बसलो. आमच्यात शब्द फार नव्हते आणि लागलेही नाहीत.

या भागातल्या तांबड्या शेळीचं, जिला सोकोतोची लाल शेळी म्हणतात, तिचं कमावलेलं कातडं शतकानुशतकं उंटांवरून सहारा ओलांडून मोरोक्कोला जायचं आणि तिथून युरोपला. युरोपात त्यानं मौल्यवान ग्रंथ बांधले. नाव पडलं मोरोक्को लेदर. ज्या देशातून युरोपला निघालं त्याचं नाव. कानो-सोकोतोच्या कुंडांत पाय बुडवून उभं राहणाऱ्या माणसाचं नाव त्याला कुणी दिलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपला चालल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आमच्या वस्तीत लोक रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर ते बघत बसले. तेव्हा मला तो चटईवरचा म्हातारा आठवला होता.

या टोपीला सगळं जग फुलानी टोपी म्हणतं. ज्याच्या डोक्यावर, त्याचं नाव. कानोत ती हौसा कारागिराच्या हातून येते. सेनेगलच्या आणि मालीच्या फुल्बे समाजात चामड्याचं काम करणाऱ्यांचे वेगळे गट आहेत, कुठं साक्के, कुठं गारांके. सुतारांचे वेगळे, विणकरांचे वेगळे, लोहारांचे वेगळे. त्यांनी आपसांतच लग्नं करायची. गाईवाला कुलीन पुल्लो त्यांच्याकडून टोपी घेईल, खोगीर घेईल, ताईत शिवून घेईल, मुलगी घेणार नाही नि देणार नाही. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. सेम्तेंदे, मुन्याल, पुलाकू, सगळं डोक्यात होतं. खोट्या वाटल्या नाहीत त्या गोष्टी, अजूनही वाटत नाहीत. पण माझ्या आज्जानं शिवलेली मोट पाटलाच्या विहिरीवर चालायची. तिच्या तोंडून सगळ्या उसाला पाणी जायचं, आणि आज्जाला त्या विहिरीची पायरी उतरता यायची नाही. गावात मोट पाटलाची म्हणूनच ओळखली जायची.

त्यामुळं मालफाचा अर्थ विचारला, तर मी आधी गुराख्याचा सांगतो, मन लावून सांगतो, आणि मग टोपी उलटी करून आतले टाके दाखवतो.

आमच्या आण्णांनी कातडं सोडून चाळीस वर्षं झाली. आज्जा गेल्यावर त्यांनी नोकरी धरली, हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि मी चर्मतंत्राला जायचं ठरवलं तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी कानोहून परत आलो, टोपी खुंटीला लावली, तेव्हाही त्यांनी तिच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पहिल्या पावसाळ्यातच कोल्हापूरच्या ओलीनं वादीला बुरशी धरली, आणि श्रावणात ती गाठीपाशी तुटली. कुठल्या दुकानात द्यावी, असं मी आईशी बोलत होतो.

संध्याकाळी घरी आलो, तर आण्णा उंबऱ्यात बसलेले. पोतं माळ्यावरून खाली आलेलं. टोपी मांडीवर पालथी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोट एकेका टाक्यावरून सरकत चाललेलं, देवळात पोथीच्या ओळीवरून सरकतं तसं. मी चपला काढल्या तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"डावरा आहे रे हा माणूस," ते म्हणाले. "टाक्याचा कल बघ. उजव्या हाताचा असा पडत नाही."

मी डोळे मिटून ती चटई आठवली. तोंडात दोरा, गुडघ्याखाली टोपी, आरी धरलेला हात. टोपी माझ्याकडं देताना त्यानं उजवा हात पुढं केला होता, तिकडची रीतच तशी. पण आरी डाव्या हातात होती.

"होय," मी म्हणालो.

आण्णांनी पोत्यातून रापी काढली, अंगठ्यावर धार बघितली, आणि कोल्हापुरी चपलेच्या उरलेल्या चामड्यातून वादी कापायला घेतली.